पैसे कुणी दिले, हे मतदानाआधी



साने गुरुजींच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेत मी आज बोलतो आहे. विषय मीच सुचवला होता. निवडणुकीच्या प्रचाराला पैसा कोण पुरवतं, आणि ती माहिती मतदाराच्या हातात केव्हा पडते, यावर मला बोलायचं आहे. पैसा कोण पुरवतं यावर आपल्याकडे पारावर, कट्ट्यावर पुष्कळ बोललं जातं. ते केव्हा कळतं, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

थोडा हिशेब करू. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपये खर्च करता येतात, विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख. ही मर्यादा जानेवारी 2022 मध्ये ठरली. जळगाव लोकसभा मतदारसंघ घ्या: जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा. मतदार वीस लाखांच्या घरात. धुळ्याचा मतदारसंघही साधारण तेवढाच, आणि तो शिंदखेड्यापासून थेट मालेगाव-बागलाणपर्यंत पसरलेला. 95 लाखांना वीस लाखांनी भागा. मतदारामागे पावणेपाच रुपये येतात. टपालाच्या साध्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट लागतं. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून उमेदवाराला आपल्या प्रत्येक मतदाराला एक पत्रसुद्धा धाडता येत नाही.

आणि प्रचाराच्या दिवसांत आपण काय पाहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. फलक, मांडव, उपरणी, गाड्यांचे ताफे, रोजच्या पंगती, आणि शेवटच्या दोन रात्री ज्याला सगळा महाराष्ट्र 'लक्ष्मीदर्शन' म्हणतो ते. जून 2013 मध्ये मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी आपल्या 2009 च्या लोकसभा निवडणुकीला आठ कोटी रुपये लागले असं जाहीरपणे सांगितलं. तेव्हाची मर्यादा 25 लाखांची होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली. त्यांची खासदारकी शाबूत राहिली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी आठ कोटींच्या आकड्याचे मथळे केले, आणि चर्चा मर्यादा ओलांडली की नाही याभोवती फिरत राहिली. ते आठ कोटी कुणाचे होते, हे मुंड्यांना त्या दिवशी कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

याला कारण आहे. आपली सगळी यंत्रणा खर्चावर डोळा ठेवायला उभी केलेली आहे. तिचं काम मी अजिबात कमी लेखत नाही. उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. त्याला एक नोंदवही मिळते, तिचे तीन भाग. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रकमेचा हिशेब, पिवळ्या पानांवर बँकेचा. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती वही खर्च निरीक्षकापुढे तपासणीला न्यावी लागते. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक ठरवतं: चहाचा कप किती, वडापाव किती, खुर्चीचं भाडं किती, ध्वनिक्षेपकाचं किती. सभेचं चित्रीकरण होतं, खुर्च्या मोजल्या जातात, आणि आयोगाचे लोक आपली वेगळी छाया-नोंदवही ठेवून उमेदवाराच्या वहीशी ताळा करतात. एकाच माणसाला दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतले कारकून, शिक्षक, लेखाधिकारी हे काम रात्र-रात्र जागून करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे.

पण ही सारी दक्षता पैसा बाहेर पडताना लागते. तो आत आला कुठून, हा प्रश्न त्याच वहीत आहे, फक्त एका कोपऱ्यात. अखेरच्या विवरणपत्राला जोडायच्या परिशिष्टांत स्वतःचा पैसा किती, पक्षाने दिला किती, आणि इतर व्यक्ती, पेढी वा कंपनीने देणगी किंवा कर्ज म्हणून दिला किती, हे नावांसह भरायचं असतं. उमेदवार 'स्वतःकडून' किंवा 'पक्षाकडून' एवढं लिहून मोकळा होऊ शकतो. 'पक्षाकडून' लिहिलं की त्या पैशाचा पुढचा माग जळगावच्या कार्यालयातून लागत नाही. आणि हे अंतिम विवरणपत्र द्यायचं केव्हा? निकाल लागल्यापासून तीस दिवसांच्या आत. तोवर गुलाल उधळून झालेला असतो, मंत्रिमंडळाच्या चर्चा सुरू झालेल्या असतात.

रस्त्यावर काय होतं तेही पाहू. नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या मतदानाला आठवडाभर उरलेला असताना, शिरपूर तालुक्यात थाळनेर पोलिसांच्या हद्दीत नाकाबंदीत एक वाहन अडवलं गेलं. त्यात सुमारे दहा हजार किलो चांदी निघाली, किंमत जवळजवळ 94 कोटी 68 लाख. देशभर बातमी झाली. ती चांदी एका बँकेची असल्याचं सांगण्यात आलं आणि कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली. पोलिसांनी चोख काम केलं, यात शंका नाही. तरी याचा अर्थ काय होतो? आपली पथकं महामार्गावरून जाणारी चांदी अडवू शकतात, कारण चांदीला वजन असतं आणि ती गाडीत भरावी लागते. एखाद्या ठेकेदाराने पंचवीस जीपगाड्या डिझेल भरून प्रचाराला दिल्या, एखाद्या धनिकाने महिनाभर कार्यकर्त्यांच्या जेवणाचं बिल परस्पर भागवलं, तर अडवायला रस्त्यात काहीच सापडत नाही.

नाव नसलेल्या पैशाचं काय होतं, याचं एक उदाहरण धुळेकरांच्या डोळ्यांसमोर घडलं. ते निवडणुकीचं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. माजी आमदार अनिल गोटे शासकीय विश्रामगृहातल्या 102 क्रमांकाच्या खोलीबाहेर ठिय्या देऊन बसले. आत मोठी रोकड आहे असं त्यांचं म्हणणं होतं. रात्री खोली उघडली, मोजणीची यंत्रं आली, आणि रक्कम निघाली सुमारे 1 कोटी 84 लाख. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले, सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या रात्री धुळ्यात प्रत्येकाला किती हे कळलं आणि कुणाचे हे कळलं नाही. ज्या पैशावर कुणी हक्कच सांगत नाही, तो दिला कुणी, घेणार कोण होतं आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न एकदमच हवेत राहतात. निवडणुकीच्या पैशाबाबत हीच स्थिती आपण दर पाच वर्षांनी, हजारपट मोठ्या प्रमाणावर, मुकाट्याने मान्य करतो.

आता या विषयावरचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला खटला घेतो. त्यात हा प्रश्न पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तरी अनुत्तरित राहिला. 2009 ची विधानसभा निवडणूक. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून उभे होते. त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांत त्यांच्या गौरवाची पानंच्या पानं छापून आली, काही ठिकाणी 'अशोक पर्व' या मथळ्याखाली. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दन्‌शब्द तोच मजकूर आलेला आहे. चव्हाणांनी आपल्या विवरणपत्रात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च दाखवला होता 5,379 रुपये. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर आणि इतरांनी आयोगाकडे तक्रार केली.

पुढे काय झालं? आयोगाला विवरणपत्राच्या खरेपणात शिरण्याचा अधिकार आहे की ते वेळेत आणि ठरल्या नमुन्यात आलं एवढंच पाहायचं, यावरच वर्षं गेली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला तो अधिकार आहे, असा महत्त्वाचा निकाल दिला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांना अपात्र का ठरवू नये, अशी नोटीस काढली. सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तो खर्च चव्हाणांनी केला किंवा त्यांच्या संमतीने झाला, हे सिद्ध झालेलं नव्हतं. न्यायालयाने कायद्याला धरून निर्णय दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाच वर्षांच्या कामकाजानंतर आपल्याला काय समजलं? चव्हाणांनी पैसे दिल्याचं सिद्ध झालं नाही, एवढंच. ती पानं छापायला कागद लागला, शाई लागली, जाहिरातीच्या दराने पाहिलं तर कोट्यवधींची जागा लागली. मग ती कुणी दिली? वृत्तपत्रांनी फुकट दिली असेल, तर तीसुद्धा देणगीच आहे, आणि देणगीदाराचं नाव मतदाराला कळायला हवं होतं. तोवर त्या निवडणुकीत आलेल्या विधानसभेची मुदत संपत आलेली होती आणि चव्हाण नांदेडचे खासदार झालेले होते. भोकरच्या मतदाराला उत्तर मिळायला हवं होतं ऑक्टोबर 2009 मध्ये.

दुसऱ्याने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेर ठेवण्याचं हे दार कायद्यात उघडं राहिलं कसं, तेही सांगतो. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च त्या उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला काही अर्थ उरत नाही. निकाल आला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 ला स्पष्टीकरण जोडून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. 2003 मध्ये ते स्पष्टीकरण बरंचसं आवळलं गेलं. पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आणि मोठ्या नेत्यांच्या प्रवासाला मोकळीक राहिली, आणि पक्षाच्या खर्चावर मर्यादा आजही नाही. मोठा नेता हेलिकॉप्टरने जळगावला येतो, तो खर्च पक्षाचा. उमेदवार त्यात बसला, तर तेवढ्यापुरता वाटा त्याच्या नावावर.

कंपन्यांच्या देणग्यांची गोष्ट आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून सुरू होते. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचं ठरवलं. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती, म्हणून मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली. पण देताना त्यांनी इशारा दिला, की हा प्रकार लोकशाहीचा गळा घोटू शकतो आणि संसदेने यात लवकर लक्ष घालावं. संसदेने 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली, 1985 मध्ये ती उठवली. तेव्हा देणगीवर नफ्याच्या पाच टक्क्यांचं बंधन आलं, ते पुढे साडेसात टक्के झालं. 2017 च्या वित्त कायद्याने तेही काढलं, आणि कोणत्या पक्षाला दिली हे ताळेबंदात लिहिण्याची सक्तीही काढली. जानेवारी 2018 मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. देणारा कोण हे रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेला ठाऊक. मतदाराला नाही.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली. 30 जूनपर्यंत लोकसभेची निवडणूक होऊन नवं सरकार स्थापन झालेलं असणार होतं. न्यायालयाने 11 मार्चला ती मागणी फेटाळली. 14 मार्चला याद्या आल्या, 16 मार्चला निवडणूक जाहीर झाली, आणि कोणता रोखा कुणी घेतला नि कुणी वटवला हे जुळवून पाहता येईल असे क्रमांक 21 मार्चला बँकेला द्यावे लागले. योजनेच्या काळात विकल्या गेलेल्या साडेसोळा हजार कोटींच्या आसपासच्या रोख्यांपैकी मोठा भाग त्यात होता. 13 मे रोजी जळगावने आणि 20 मे रोजी धुळ्याने मतदान केलं, तेव्हा मतदाराला मत देण्याआधी रोख्यांच्या मोठ्या देणगीदारांची नावं कळलेली होती. त्या नावांचं त्याने काय करायचं, हा त्याचा प्रश्न. कुणी नाव वाचून मत बदललं असेल, कुणी बदललं नसेल. धुळ्यात निकाल 3,831 मतांनी लागला. मत कशावरून पडलं हे मोजायला माझ्याकडे साधन नाही. पण वीस लाखांच्या मतदारसंघात चार हजारांहून कमी मतांनी खासदार ठरत असेल, तर मतदानाआधी मिळालेल्या माहितीचं मोल किती, हे मला वेगळं सांगावं लागू नये.

रोखे गेले, पण वेळेचा प्रश्न राहिला. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्ष आयोगाला देतात ती वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपून काही महिने उलटल्यावर. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला कुणी पैसे दिले, ते 2025 च्या उत्तरार्धाआधी अधिकृतपणे कळण्याची सोयच नव्हती. पक्षाचा निवडणूक खर्च विधानसभेला 75 दिवसांनी, लोकसभेला 90 दिवसांनी. आणि त्या याद्यांमध्ये जिल्हा सापडत नाही. धुळ्याच्या व्यापाऱ्याने मुंबईच्या कार्यालयात दिलेला धनादेश पुन्हा धुळ्याला आला की बारामतीला गेला, यादीवरून ओळखता येत नाही.

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारकाळात पक्षांना मोठ्या देणग्यांची माहिती दर आठवड्याला द्यावी लागते आणि तिथला निवडणूक आयोग ती मतदानाआधी प्रसिद्ध करतो. अमेरिकेत पैशाचा पूर किती वाहतो ते जग जाणतं. तरीसुद्धा मतदानाच्या आधीच्या वीस दिवसांत एखाद्या संघराज्यीय उमेदवाराला एकाकडून हजार डॉलर वा त्याहून जास्त मिळाले, तर 48 तासांत नाव कळवावं लागतं. आपण डिजिटल व्यवहारांत जगाच्या पुढे आहोत म्हणतो. सावद्याच्या केळी बाजारातला छोटा व्यापारीसुद्धा आज मोबाइलवर पैसे घेतो आणि त्याची नोंद क्षणात होते. तेव्हा 48 तास आपल्याला जमणार नाहीत, हे कारण मला पटत नाही.

खान्देशात देणारे कोण असतात? जिनिंगवाले, डाळ मिलवाले, केळीचे व्यापारी, सराफ, रस्त्यांचे आणि धरणांच्या कालव्यांचे ठेकेदार, तापी-गिरणेच्या वाळूचे लिलाव घेणारे, शिक्षण संस्थाचालक, सहकारी संस्थांचे संचालक. यातले सगळे काही बदल्यात मागतात असं मी म्हणणार नाही. अनेक जण श्रद्धेने देतात, जातीच्या नात्याने देतात, शेजारधर्म म्हणून देतात. आणि बरेच जण भीतीने देतात, दोन्हीकडे देतात. हा भीतीचा मुद्दा मला गंभीर वाटतो. नाव उघड झालं, उद्या दुसरा पक्ष आला, तर आपला परवाना अडकेल, तपासणीला माणसं येतील, असं व्यापारी म्हणतो. रोखे योजनेच्या बाजूने सरकारनेही न्यायालयात हेच कारण पुढे केलं होतं. न्यायालयाने त्यावर विचार केला, आणि लहान देणगी ही मतासारखीच माणसाच्या राजकीय विश्वासाची खूण असल्यामुळे तिची गोपनीयता जपायला हवी हे मान्य केलं. मात्र लाखांची, कोटींची देणगी धोरणावर हात ठेवू शकते, तिला तेच कवच मिळू शकत नाही. मला हा फरक योग्य वाटतो. आणि एक सांगू? ज्याला देणगी मिळाली त्याला देणाऱ्याचं नाव माहीत असतंच. प्रतिस्पर्ध्यालाही, गाव लहान असल्यामुळे, बहुधा माहीत असतं. माहीत नसतं ते मतदारालाच. मग या गुप्ततेने व्यापाऱ्याचं नेमकं कुणापासून रक्षण होतं?

देणाऱ्याचं नाव उघड असावं, हे आपल्या मागच्या पिढ्यांना सांगावं लागत नव्हतं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 30 जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचं ठरलं, आणि जमले. आर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख दिले, ही गोष्ट तेव्हाही उघड होती. इंग्रज सरकार डोक्यावर होतं. देणाऱ्याला आजच्यापेक्षा कितीतरी मोठा धोका होता, तरी नाव लपवलं गेलं नाही आणि हिशेब मागणाऱ्याला देशद्रोही कुणी म्हटलं नाही. गांधीजी चार आण्यांच्या हिशेबासाठीही आग्रही असत.

आणि डिसेंबर 1936. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, मांडणी नंदलाल बोस यांची, आणि यावल तालुक्यात घरोघरी राबणारे धनाजी नाना चौधरी. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव पायी फिरले. पुढच्या दोन महिन्यांत प्रांतिक निवडणुका व्हायच्या होत्या, म्हणजे तो सोहळा एका अर्थाने निवडणुकीच्या तोंडावरचाच होता. बांबू आणि चटयांचं ते नगर कुणाच्या पैशावर उभं राहिलं, हे यावल-रावेरच्या माणसाला विचारावं लागलं नाही. त्याने स्वतः वर्गणी दिली होती, बैलगाडी दिली होती, श्रम दिले होते. तेव्हा सगळे साधू होते असा माझा दावा नाही. गिरणीमालकांचा पैसा तेव्हाही राजकारणात होता. पण लोकांपुढे उभं राहून मागितलेल्या पैशाला नाव असे, आणि गुरुजींसारख्या शिक्षकाला तो मागताना लाज वाटत नसे.

आता कायदा ज्यांना शिक्षा करतो त्यांच्याकडे पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 ब नुसार खर्चाचा हिशेब वेळेत आणि ठरल्या पद्धतीने न देणाऱ्याला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. विधानसभा-लोकसभेला ही मुदत तीन वर्षं. एखाद्या पाड्यावरचा आदिवासी उमेदवार, ज्याने चार-पाच हजारांत निवडणूक लढवली आणि हरल्यावर तहसीलला जायला गाडीभाडं नव्हतं म्हणून कागद दिला नाही, तो कायद्याच्या तावडीत सापडतो. ज्याने लेखापाल नेमून सुबक विवरणपत्र दिलं, तो सुटतो. कागद आला का, हे तपासलं जातं. कागदातला पैसा कुणाचा, हे विचारलं जात नाही. मला याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

तेव्हा मागणं काय? प्रचारकाळात नोंदवहीची जी तीनदा तपासणी होते, त्या प्रत्येक वेळी खर्चाबरोबर आलेल्या पैशाची यादी, देणाऱ्याच्या नावासह, तयार झाली पाहिजे. ठरावीक रकमेवरच्या देणगीदाराचं नाव मतदानाच्या निदान तीन दिवस आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर यावं. गाड्या, डिझेल, मांडव, जेवण हे वस्तुरूपाने देणाऱ्यांचंही यावं. पक्षाने एका मतदारसंघात केलेला खर्च त्या मतदारसंघाच्या नावे वेगळा दाखवला जावा. राज्य निवडणूक आयोगाने महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांसाठी हाच नियम करावा, आणि मला तर वाटतं सुरुवात तिथूनच व्हावी. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या प्रभागात देणगीदार, ठेकेदार आणि मतदार एकाच रस्त्यावर राहतात. गटाराचं काम कुणाला मिळालं हे सगळ्यांना दिसतं. निवडणुकीत कुणी काय दिलं होतं हेही दिसलं, तर दोन्ही जुळवायला तपास यंत्रणा लागणार नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदा बदलावा लागेल आणि तो बदलणारे लोक या पद्धतीचेच लाभार्थी आहेत. जून 2013 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. त्यातल्या एकाही पक्षाने तो पाळला नाही. म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा आज हातात काय आहे ते वापरा, असं माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. निवडणूक संचालन नियम 1961 चे आहेत. त्यांनुसार उमेदवाराने दाखल केलेला खर्चाचा हिशेब कोणत्याही व्यक्तीला एक रुपया शुल्क भरून पाहता येतो. उमेदवार असायला नको, पक्षाचा सभासद असायला नको, कारण सांगायला नको. प्रमाणित प्रतही मिळते. इतकंच काय, प्रचार चालू असताना तपासलेल्या नोंदवहीच्या पानांच्या प्रती सूचना फलकावर लावण्याची आणि मागणाऱ्याला पानामागे एक रुपयात देण्याची व्यवस्था आयोगाच्या सूचनांमध्ये आहे. मतदानाआधी.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला. गावोगावच्या दप्तरांतले कागद जमवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' छापली, आणि त्यांच्या मागे 1927 मध्ये उभं राहिलेलं संशोधन मंडळ आजही ती दप्तरं सांभाळतं आहे. अडीचशे वर्षांपूर्वी कोणत्या सावकाराने कोणत्या सरदाराला मोहिमेसाठी किती कर्ज दिलं, हे अशा दप्तरांतून आपण काढू शकतो. गेल्या निवडणुकीतलं काढायला कुणी जात नाही.

महाविद्यालयांतले राज्यशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. वकील संघात तरुण वकील आहेत, निवृत्त लेखापाल आहेत, बातमीदार आहेत. पुढची निवडणूक लागेल तेव्हा तपासणीच्या तीन तारखा निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करतील. त्या तिन्ही दिवशी प्रत्येक मतदारसंघातून चार-पाच जणांनी जावं, पांढऱ्याबरोबर गुलाबी आणि पिवळ्या पानांच्या प्रती मागाव्यात, जमा बाजूला कुणाची नावं आहेत ती उतरून घ्यावीत, आणि नावं नसतील तर तसंही लिहून घ्यावं. ती यादी वर्तमानपत्रांना द्यावी, वाचनालयात लावावी. प्रत नाकारली, तर नाकारल्याचं लेखी मागावं आणि खर्च निरीक्षकाकडे जावं. त्याचा दूरध्वनी क्रमांक जिल्हा प्रशासन त्या काळात प्रसिद्ध करतं. अंतिम विवरणपत्रं आली की मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर चढतात. ती उघडून पक्षाकडून आलेल्या रकमांची बेरीज करावी, आणि वर्षभराने पक्षाची देणगीदार यादी आली की शेजारी ठेवून पाहावी. ज्यांना यात उतरायचं आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावं. कोणत्या तालुक्यात कोण जाऊ शकेल, याची नोंद आपण इथेच करू.